आधी घरचा जिना

म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, त्यात विस्मरण जडलं असेल तर ती जास्त पडतात, आणि यावर आता आभासी वास्तवाचा उपाय आला आहे, असं हल्ली पुष्कळदा ऐकायला मिळतं. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा. समोर बाग, बाजार, पूल उभा राहतो. त्यात वाकायचं, वळायचं, अडथळा ओलांडायचा, आणि हे करता करता मेंदू आणि पाय दोघांनाही वळण लागतं. याला जोडूनच पुढचा मुद्दा येतो. लहान जिल्ह्यांत फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, मुलं इंदूर-पुण्याला गेलेली, आजीला रोज रुग्णालयात कोण नेणार? तेव्हा माणसाची उणीव यंत्राने भरून काढा. बुऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्याला तर हाच रस्ता सोयीचा, असं सांगणारी सुशिक्षित मंडळी मला भेटत असतात.

त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. म्हाताऱ्यांच्या पडण्याकडे कुणीतरी गंभीरपणे पाहतंय, हेच मुळात चांगलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात आणि त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. म्हणजे हा प्रश्न मुंबईच्या उंच इमारतींइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार आणि शहापूरकडच्या घरांचा आहे. म्हणूनच त्यावर चुकीचा उपाय डोक्यात बसला तर नुकसान इथेच होणार.

यंत्राच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आधी घेऊ. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आनात मिरेलमन आणि सहकाऱ्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. बेल्जियम, इस्रायल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांतली, साठ ते नव्वद वयाची, आधीच्या सहा महिन्यांत निदान दोनदा पडलेली माणसं तिच्यात होती. २८२ जणांच्या नोंदी हिशेबात धरल्या. काही जण नुसते ट्रेडमिलवर चालले, काही ट्रेडमिलवर चालताना समोरच्या पडद्यावरच्या आभासी वाटेवरून चालले. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. सहा महिन्यांतलं पडण्याचं सरासरी प्रमाण पडद्यासह चाललेल्यांत ११.९ वरून ६ वर आलं. नुसत्या ट्रेडमिलवाल्यांत ते १०.७ वरून ८.३ वर आलं. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारण्याचं मला काही कारण दिसत नाही.

पण ही चाचणी पुढे करणाऱ्यांनी ती नीट वाचावी. त्या माणसांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हताच. समोर पडदा होता, कॅमेरा त्यांच्या पावलांची हालचाल टिपून त्या पडद्यावर दाखवत होता. पाय खऱ्या पट्ट्यावर होते, आजूबाजूची खोली दिसत होती, शिकवणारा माणूस शेजारी उभा होता. चाचणीत पार्किन्सनचे रुग्ण सर्वाधिक होते आणि फायदाही त्यांच्यातच ठळक दिसला. विस्मरणाच्या सौम्य टप्प्यातल्यांचा गट चाचणीतल्या गटांत सर्वांत लहान होता, आणि स्मृतिभ्रंश बळावलेली माणसं त्यात नव्हतीच. म्हणजे ज्या चाचणीच्या जोरावर ‘विस्मरणाच्या म्हाताऱ्यांना चष्मा द्या’ असं सांगितलं जातं, तिच्यात चष्मा नव्हता, आणि ते म्हातारे जेमतेम होते.

चष्मा लावून केलेले अभ्यास वेगळे आहेत. तैवानमध्ये २०१९ साली सौम्य विस्मरणाच्या ३४ जणांवर असा एक अभ्यास झाला. बारा आठवडे, छत्तीस बैठका. एकाच वेळी दोन कामं करत चालणं त्यांच्यात सुधारलं, हे खरं. पण या विषयावरचे बहुतेक अभ्यास असेच छोटे आणि थोड्या काळाचे आहेत, आणि त्यांत मोजलं काय जातं? खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागले, एका पायावर किती वेळ उभं राहता आलं. हे गुण वाढतात, वाढले तर आनंदच आहे. पण रात्री दोन वाजता लघवीला उठलेली आजी मोरीच्या उंबऱ्याला अडखळली की नाही, हे त्या सेकंदांवरून कळत नाही. उलट साध्या व्यायामाबाबत पडण्याचाच हिशेब करून ठेवलेला आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३,४०७ माणसं होती. स्वतःच्या घरात राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. त्यातही तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींसारखे व्यायाम आघाडीवर होते. या आढाव्यातली माणसं प्रामुख्याने शाबूत स्मृतीची होती, हे मान्य. तरी पुराव्याचं वजन कुठे आहे ते यावरून दिसावं.

या सगळ्यात मोलाचं असं काही नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आभासी वास्तवाच्या अभ्यासांमागे एक पक्की गोष्ट आहे, ती म्हणजे चालणं हे डोक्याचंही काम आहे. १९९७ साली स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन यांनी वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा मारल्या. त्यांतले बारा जण बोलायचं म्हटलं की चालायचे थांबत. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारातले दहा पडले. एवढी साधी परीक्षा. कसलं यंत्र नाही, खर्च नाही. बोलताना पाय थांबतात, कारण मेंदूकडे दोन्ही कामांपुरती शिल्लक राहिलेली नसते. विस्मरण सुरू झालेल्या माणसाचं पडणं पायांपेक्षा इथे जास्त अडकलेलं असतं. तेव्हा पायांबरोबर लक्षालाही काम द्यावं, ही कल्पना बरोबर आहे. माझा वाद ते काम कुठे आणि कुणी द्यायचं, याबद्दल आहे.

इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही उत्तर द्यायला हवं. यंत्र आणा म्हणणारे थोडे, पण ‘साठी बुद्धी नाठी, आता शिकवून काय उपयोग’ म्हणणारे घरोघरी. आईला काल काय जेवली ते आठवत नाही, मग पाऊल कसं टाकायचं ते सांगून ती काय लक्षात ठेवणार, असं मुलगा विचारतो. हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच्या एका रुग्णाने दिलं. हेन्री मोलाइसन या अमेरिकन तरुणावर १९५३ साली फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला नवी आठवण साठवताच येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवस सराव केला. दरवेळी आपण हे प्रथमच करतोय असं त्याला वाटे, आणि दरवेळी त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चाले. काय घडलं ते आठवणं आणि हातापायांना वळण लागणं, ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत. अल्झायमरमध्ये पहिलं आधी रिकामं होतं, दुसरं बराच काळ चालू राहतं. आईला कालचा सराव आठवणार नाही. तिच्या पायांना तो आठवेल.

मात्र हे शिकणं कसं होतं, यावर चष्म्याचा सगळा निकाल अवलंबून आहे. माल्कम डिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना नेम धरून वस्तू फेकायला शिकवलं. धडधाकट वृद्धांना वेगवेगळ्या अंतरांवरून, बदलत्या क्रमाने सराव दिला तरी ते शिकले. अल्झायमरच्या रुग्णांचा फायदा झाला तो एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने, पुन्हा पुन्हा केलेल्या सरावाने. आणि जिथे शिकले त्याच्या बाहेर ते कौशल्य फारसं गेलं नाही. एका जागी शिकलेलं दुसरीकडे लागू करायला आपल्याला बुद्धीची जी मदत होते, नेमकी तीच त्यांच्याजवळ उरलेली नसते.

आता व्हीआरचं वैशिष्ट्य म्हणून काय सांगतात ते आठवा. रोज नवं दृश्य. आज समुद्रकिनारा, उद्या बाजारपेठ, परवा बर्फाळ डोंगर. कंटाळा येत नाही. निरोगी सत्तरीच्या माणसाला हे उत्तम. विस्मरणाच्या सौम्य टप्प्यातल्या माणसालाही कदाचित चालेल. पण आजार पुढे सरकलेल्या माणसाला या वैविध्याचा काही उपयोग नाही, कारण त्याचं शिकणं जागेला चिकटलेलं असतं. किनाऱ्यावर तोल सांभाळायला शिकलेली आजी घरच्या जिन्यावर तशीच उभी राहते, जशी न शिकलेली उभी राहते. ज्या जागी पडायचा धोका आहे त्या जागेवरच तिला शिकवायला हवं, आणि चष्मा नेमकं तिला त्या जागेवरून उचलून दुसरीकडे नेतो.

शहापूरकडच्या एका केळी-बागायतदार नानांना मी जवळून पाहिलं आहे. नातवाचं नाव त्यांना आठवत नसे, दुपारच्या जेवणाला ते सकाळचा चहा समजत. पण बागेत गेले की ठिबकच्या नळीवर त्यांचा पाय कधी पडला नाही. नळी कुठे आहे हे खाली न बघता ते पाऊल उचलत, बांधाजवळ आले की अंग किंचित मागे टाकत, लोंबणारं पान कोपराने सारत पुढे जात. चिखलातही. मग घरच्यांनी काळजीपोटी त्यांना शहरात आणलं. चकचकीत फरशी, झगझगीत दिवे, सगळ्या सोयी. आणि त्याच नानांना पलंगापासून न्हाणीपर्यंतची दहा पावलं जमेनात. फरशीचा रंग बदलला की तिथे खड्डा आहे असं समजून ते थबकत, आणि थबकताना मागे झुकत.

त्यांच्या सुनेने पुढे जे केलं ते कुठल्या पुस्तकातून शिकलेलं नव्हतं. रोज सकाळी उठल्यावर ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी राही. तीच बाजू, तोच हात. ‘नाना, कपाट. नाना, दार. नाना, आता पाय उचला, उंबरा.’ शब्दही तेच. दिवसातून चार-पाच वेळा हाच फेरा. न्हाणीच्या तोंडाशी तिने एक जुनं गोणपाट टाकलं होतं, त्यावर पाय घसरतो म्हणून काढून टाकलं आणि उंबऱ्याला पिवळा रंग दिला. काही आठवड्यांनी ‘कपाट’ म्हटलं की नानांचा हात आपोआप कपाटाच्या कडेला जाऊ लागला. उंबऱ्यापाशी पाऊल उचललं जाऊ लागलं, कधी ती बोलली नाही तरी. ते पडायचे कायमचे थांबले असं मी म्हणणार नाही. पण न्हाणीच्या वाटेवर ते बिचकेनासे झाले. आभासी वास्तवाचे अभ्यासक ज्याला दुहेरी काम म्हणतात तेच यात होतं. चालणं, ऐकणं, ओळखणं, सगळं एका वेळी. आणि ते खऱ्या वाटेवर होतं.

चष्म्याचा आणखी एक धोका आहे आणि तो सांगताना मला जास्त काळजी वाटते. उभं राहायला माणूस तीन गोष्टींवर विसंबतो: डोळे, आतल्या कानातली तोलाची यंत्रणा, आणि तळपायांना-सांध्यांना येणारी जाण. डेव्हिड ली आणि एरिक अरॉन्सन यांनी १९७४ साली एडिंबरोमध्ये एक खोली तयार केली होती, जिच्या भिंती हलत पण जमीन स्थिर राही. भिंत पुढे आली की नुकती उभी राहायला लागलेली बाळं मागे कोसळत. डोळ्यांची तोलावर एवढी सत्ता आहे. वय वाढतं, पायांची जाण बोथट होते, मधुमेह असेल तर आणखीच, आणि माणूस पुन्हा डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवू लागतो. अशा माणसाच्या डोळ्यांवर संपूर्ण बंद चष्मा चढवला की त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हात दिसत नाहीत, भिंत दिसत नाही. दिसतं ते सगळं हलतं. डोळे सांगतात चाललोय, कान सांगतो उभाच आहे. तरुणांनाही यात मळमळतं, गरगरतं. हा विसंवाद मुद्दाम घडवून शरीराला जुळवून घ्यायला शिकवणं शास्त्राला धरून आहे, पण ते अंगाला पट्टे बांधून, जाणत्या माणसाच्या हाताखाली.

त्यात विस्मरणाचा एक प्रकार असा आहे की त्यात माणसाला नसलेल्या गोष्टी दिसतात. खोलीत मुलं खेळताना दिसतात, कोपऱ्यात कुणी बसलेलं दिसतं. लेवी बॉडी स्मृतिभ्रंश म्हणतात त्याला. या आजारात पाय आखडतात, सावधपणा तासातासाला बदलतो आणि माणसं वारंवार पडतात. म्हणजे तोलाच्या प्रशिक्षणाची सगळ्यात निकड ज्याला, त्यालाच मुळात खरं आणि आभासी यांतली रेघ पुसट झालेली. अशा माणसाला आभासी जगात ढकलायचं? मला हे पटत नाही. आणि जिल्हा पातळीवर कुणाचा स्मृतिभ्रंश कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्याची सोय आधी उभी राहिल्याशिवाय, ‘सरसकट सगळ्यांना चालेल’ असं म्हणणाऱ्याने जबाबदारीने बोलावं.

ओळखण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याकडच्या साठ-सत्तरीच्या पुष्कळ बायका शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांची बोली मराठी, खानदेशी, निमाडी, कोरकू, उर्दू, गुजराती, यांपैकी काहीही असेल. अशा बाईला घड्याळाचं चित्र काढायला सांगून तिचं विस्मरण मोजता येत नाही. हरियाणातल्या बल्लभगढला निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतली वेगळी चाचणी तयार करावी लागली होती, ती याच कारणाने. परदेशी आज्ञावलीतल्या सूचना हेडफोनवर इंग्रजीत ऐकून जी बाई गोंधळेल, ती विस्मरणाने गोंधळली की भाषेने, हे यंत्राला कळणार नाही. तैवानच्या लोकांनी सरावात आपल्या रोजच्या आयुष्यातली कामं घातली होती: मेट्रोने जाणं, दुकान शोधणं, स्वयंपाक. त्यांना ते सुचलं, कारण ते तिथलेच होते.

बुऱ्हाणपूरचं म्हणाल तर इथली वाट निराळी आहे. तटाच्या आतल्या जुन्या वस्तीत घरं अरुंद आणि उंच. लाकडी जिना इतका उभा की उतरताना टाच पायरीवर पुरती टेकत नाही. कठड्याऐवजी बऱ्याच घरांत वरून दोर लोंबतो. दारातून बाहेर आलं की दगडी ओटा, ओट्याखाली उघडी गटार, गटारावर हलणारी फरशी. गल्लीत लूमचा खडखडाट एवढा की मागून येणाऱ्या मोटरसायकलचा आवाज कळत नाही. राजघाटावर तापीत उतरणाऱ्या पायऱ्यांना पाऊस ओसरला की शेवाळ धरतं, आणि कार्तिकात पहाटे अंधारातच म्हातारी माणसं तिथे अंघोळीला जातात. चैत्रात इच्छापूरच्या देवीची टेकडी चढल्याशिवाय अनेकींना चैन पडत नाही. या पायऱ्या कोणत्याही चष्म्यात नाहीत. त्या असत्या तरी, त्या चढण्याचा सराव त्यांच्यावरच करायचा असतो.

जिना कसा शिकवायचा हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट एका भेटीत दाखवू शकतो. चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा पाय. हात आधाराला लागेपर्यंत पाऊल नाही. दोर असेल तर तो काढून भिंतीला घट्ट कठडा बसवायचा, दोन्ही बाजूंना बसला तर उत्तम. प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणारा रंग. शिकवणाऱ्याने उतरताना एक पायरी खाली आणि चढताना एक पायरी मागे राहायचं. सूचना दोन-तीन शब्दांची, रोज तीच, एकाच माणसाच्या तोंडून. चुकू द्यायचं नाही, कारण स्मृतिभ्रंशात चुकून शिकता येत नाही. चूक झाली तर चूकच अंगवळणी पडते. ‘चुकेल, मग सुधारेल’ हा आपला नेहमीचा शिरस्ता इथे सोडावा लागतो. यंत्र गुण देतं, चूक दाखवतं, पुन्हा कर म्हणतं. शेजारी उभं असलेलं माणूस चूक व्हायच्या आधी कोपर धरतं.

सगळ्यात वाईट उपाय मात्र आपल्याच घरांत रोज चालतो, आणि तो प्रेमाने चालतो. ‘माय, तू उठू नको. काय पाहिजे ते सांग, हातात देतो.’ ती पडू नये म्हणून तिला बसवून ठेवायचं. बसून मांड्या गळतात, गुडघे आखडतात, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ज्या दिवशी घरात कुणी नसताना ती उठते त्या दिवशी नक्की पडते. तिचं उठणं-बसणं काढून घेतलं तर तोलाचा जो सराव नकळत होत होता तोही बंद पडतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं, हेच या वयातलं मोठं औषध आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो व्यायामक्रमात यापेक्षा फार काही नाही. घोट्याला थोडं वजन बांधून पाय उचलणं, टाचेला पंजा लावून चालणं, खुर्चीतून उठणं, आणि वरचेवर घरी येऊन बघणारा माणूस. चार चाचण्यांत मिळून पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं.

आणि व्यायामाच्याही आधीच्या गोष्टी आहेत, ज्यांची चर्चा परिषदांत होत नाही. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या बायकांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया न रेंगाळता केली, तर पुढच्या वर्षभरात त्यांचं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. २००५ सालचा निष्कर्ष. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया सरकारी योजनेत फुकट होते, आणि तरी ‘आता या वयात डोळ्याचं काय करायचं’ म्हणून ती टाळली जाते, विशेषतः आईची. डोळ्यांत मोतीबिंदू तसाच ठेवून त्यावर आभासी दृश्य दाखवणं, याला काय म्हणावं? मग झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात, कुणी लिहून दिल्या होत्या तेही विसरलेलं असतं. त्यांनी पाय लटपटतात आणि डोकंही जड होतं. त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. रक्तदाब बसवून मोजतात, पण झोपवून मोजला आणि मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजला, तर वरचा आकडा वीसने घसरतो की काय ते कळतं. अनेकदा रात्रीच्या पडण्याचं कारण तिथेच सापडतं. रक्तदाब मोजण्याचं यंत्र प्रत्येक दवाखान्यात आहे. लागतात ती जास्तीची पाच मिनिटं.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो: माणसं नाहीत, म्हणून यंत्र. ज्याला विस्मरण नाही त्याला तुम्ही यंत्राबरोबर एकटं सोडू शकता. विस्मरण झालेल्या माणसाला चष्मा चढवायला कुणी हवं, घाबरला तर काढायला कुणी हवं, तोल गेला तर धरायला कुणी हवं, आणि ते सगळं संपल्यावर ‘मी कुठे आहे’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणी हवं. ज्या चाचण्यांचे दाखले देतात त्या सगळ्यांत हे ‘कुणी’ होतंच. तेव्हा यंत्राने माणूस वाचत नाही. यंत्र आणि माणूस दोन्ही लागतात, आणि माणूसच नसेल तर यंत्र कपाटात जातं.

माणसं आणायची सोय कागदावर आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा विभाग आणि फिजिओथेरपी, प्राथमिक केंद्रात आठवड्याला एक दिवस वृद्धांची तपासणी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी, हे त्याच्या आराखड्यातच आहे. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे आशाताईंच्या हातातला आरोग्य-पाहणीचा ‘सीबॅक’ फॉर्म. साठीपुढच्या माणसांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? तोल आणि विस्मरण, दोन्ही एकाच कागदावर, घरोघरी जाऊन विचारलेले. उत्तर ‘हो’ आलं तर जवळच्या केंद्रात पाठवायचं. आपल्या देशाने हा प्रश्न दारात नेऊन ठेवलेला आहे. पुढची साखळी पक्की करायची आहे: तो ‘हो’ ऐकून घरी येणारं माणूस, जिना बघणारं, गोळ्यांची पिशवी उलटी करून बघणारं, सुनेला आणि मुलाला दोन-तीन वाक्यं शिकवून जाणारं. यासाठी दर वेळी पदवीधर फिजिओथेरपिस्टच हवा असंही नाही. त्याने शिकवलेला पुनर्वसन कार्यकर्ता किंवा आशाताई ठरावीक घरभेटी करू शकते.

हे होणार नाही असं बुऱ्हाणपूरने तरी म्हणू नये. जुलै २०२२ मध्ये याच जिल्ह्याला देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरवलं गेलं. २५४ गावांत घराघरात नळ गेला, आणि पाणी खरंच येतं का हे ग्रामसभांनी ठराव करून सांगितलं. ते काम घर मोजून, दारात जाऊन, नळ उघडून बघून झालं. एकेका म्हाताऱ्या माणसाची रात्रीची वाट तशीच घर मोजून बघता येते.

आभासी वास्तवाला माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. इंदूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या केंद्रात, पार्किन्सन किंवा सौम्य विस्मरणाच्या माणसाला पडद्यासमोर, पट्टा बांधून, जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हा सराव मिळत असेल आणि घरच्यांना परवडत असेल, तर त्यांनी जरूर घ्यावा. त्यावर संशोधनही व्हावं, आणि त्यात पडण्याचा हिशेब वर्षभर ठेवला जावा. पण जिल्ह्याच्या वृद्धांसाठी पैसा कुठे घालायचा, असा प्रश्न आला, तर चष्म्याचा नंबर मोतीबिंदू, गोळ्या, कठडे, दिवे, घरभेटी आणि फिजिओथेरपिस्टच्या रिकाम्या खुर्चीनंतर लागतो. या सगळ्यानंतर.

तोवर वाचकांनी, ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी, एवढं करावं. आज रात्री पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर एक दिवा चालू ठेवा. सैल सपाता काढून टाका, टाचेला धरणारी चप्पल द्या. उद्या सकाळी आईबरोबर, बाबांबरोबर त्याच वाटेवरून, त्यांचा हात धरून, तेच शब्द बोलत चला. आणि पुढच्या वेळी आशाताई फॉर्म घेऊन दारात आली, तोलाच्या आणि विस्मरणाच्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर लिहिलं गेलं, तर तिला आणि केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा की आता आमच्या घरी कोण आणि कधी येणार. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.